हिरवं खत

"काका, ही माती कुणाच्या परसातली?" प्रयोगशाळेतल्या मॅडमनी अहवालावरून नजर न काढता विचारलं.

"शेजाऱ्याच्या," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नाही. कान गरम झाले.

चामड्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी टाकीवर आहे. कातडी कमावून उरलेलं हिरवं पाणी माझ्याकडे येतं. त्यात चुना घातला की क्रोमियमचा गाळ तळाशी बसतो. हल्ली तो गाळ आम्लात विरघळवून पुन्हा कातड्यांनाच वापरतात, आणि वरचं पाणी पुढे शुद्ध करून फाटकाजवळच्या झाडांना घालतात. पूर्वी मात्र गाळ मागच्या बाजूला वाळत पडायचा. पोतंभर नेला तरी कुणी हटकत नसे.

मी नेला. हिरवट, भुसभुशीत, म्हणजे खतच की, हे माझं शहाणपण! बायको हरखली. "अहो, फुकटचं सोनं आणलंत," म्हणाली. नऊ वर्षं ती परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात राबली. मला टोमॅटो मुळीच आवडत नाहीत. सगळे तीच खायची, वर मला चिडवायची, "खत तुमचं, मजा माझी." चार महिन्यांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. पंधरा दिवसांत ती गेली.

"क्रोमियम फार आहे हो यात," मॅडम म्हणाल्या. "तिथलं काही खाऊ नका म्हणावं त्यांना. वरची माती काढावी लागेल."

"आणि ज्यांनी खाल्लं?"

"त्यांनी तपासून घ्यावं."

"ते माणूस आता नाही."

मॅडमनी मान वर केली. त्यांना सगळं कळलं. "काका, त्यानेच झालं असं मातीवरून नाही सांगता येत."

"त्याने नाही झालं, असं सांगता येईल?"

त्यांनी अहवालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "नाही," त्या हळूच म्हणाल्या.

पोती मीच वाहिली होती, या पाठीवरून.

घरी आलो तो कुदळ घेऊन थेट परसात. टोमॅटोची झाडं तिने उशीच्या जुन्या अभ्र्याच्या चिंध्यांनी काठ्यांना बांधली होती, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. विळ्याने कापलं असतं तर पाच मिनिटांचं काम. माझा हात धजेना. तिची गाठ नेहमी दुहेरी. एकेक गाठ नखाने सोडवली, चिंधी खिशात ठेवली, मग झाड उपटलं.

शेवटची गाठ काही केल्या सुटेना. मी तिथेच मातीत बसलो. त्या झाडावर तीन टोमॅटो पिकले होते.