भाऊजींना कसं सांगायचं

मास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि आयुष्यात त्याने कुठल्या वर्गात खडूही धरला नव्हता. कारखाने, कचेऱ्या, दवाखाने अशा ठिकाणी नेटवर्कचे रॅक उभे करायचे, त्यांत यंत्रं बसवायची, तारा जोडायच्या, हा त्याचा धंदा. पण हाताखालच्या माणसांकडून तो नियम असे घोकून घ्यायचा की कंपनीत सगळ्यांनी त्याचा मास्तर करून टाकला. जड ते खाली, हलकं ते वर. मोठं यंत्र उचलायला दोघं, बोलणार मात्र एकच. अर्थिंगची तार जोडायची सगळ्यांत आधी, काढायची सगळ्यांत शेवटी. पुढे ओढायचं ते एका वेळी एकच यंत्र. घरी जेवायला बसतानाही हा आधी टेबल हलवून बघतो, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि त्यालाही त्याचा राग यायचा नाही.

या सगळ्या नियमांच्या आधीचा एक नियम होता. रॅक म्हणजे माणसाहून उंच लोखंडी कपाट, ते येतं चाकांवर. जागेवर आणलं की त्याला चार पाय लावायचे, ते फिरवून जमिनीला टेकवायचे आणि समोर तळाशी एक आडवी पट्टी आवळायची. ते केलं नाही, तर पुढे ओढलेल्या यंत्राच्या वजनाने अख्खं कपाट तोंडावर येऊ शकतं. म्हणून आत पहिलं यंत्र जाण्यापूर्वी मास्तर खच्चून ओरडायचा, "पाय?" समोरच्याने वाकायचं, हात लावून बघायचं आणि तसंच ओरडून सांगायचं, "खाली!" नुसतं मान डोलावलेलं चालायचं नाही. नवखी पोरं हसायची, पण ओरडायची.

आणि अशा या मास्तरच्या हाताखाली त्याचे भाऊजी कामाला आले.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मास्तरने तारेला पहिल्यांदा सोल्डरचा डाग दिला तो त्याच दुकानात, त्यांच्या मागे उभं राहून, त्यांनी मनगट धरून शिकवला तसा. पुढे लोक वस्तू दुरुस्त करायच्या सोडून नव्या आणायला लागले आणि दुकान मिटलं. भाऊजी घरी बसले. वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं की ते घरातली चालती घड्याळं उघडून पुन्हा मिटायचे. ताई एकदा मास्तरला म्हणाली, "बाळ्या, मला यांना असं बघवत नाही रे." मास्तरने साहेबांकडे शब्द टाकला. साहेब म्हणाले, वय जरा जास्त आहे, पण काही महिने बघू, नीट निघाले तर कायम करू.

भाऊजी पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सगळ्यांसारखीच त्याला "मास्तर" अशी हाक मारली. ज्या माणसाला घरात आल्याबरोबर उठून खुर्ची द्यायची, पंख्याचं तोंड ज्याच्याकडे वळवायचं, त्याला वाकायला कसं सांगायचं? त्याच्यावर ओरडायचं तरी कोणत्या तोंडाने? मग त्याने मधला मार्ग काढला. "भाऊजी, जमलं तर ती पेटी... नाही, राहू द्या, मीच घेतो." असं म्हणत तो त्यांची निम्मी कामं स्वतःच करायचा. भाऊजी तारांना क्रमांकाच्या पट्ट्या चिकटवत बसायचे आणि बाकीची पोरं "खाली!" म्हणून ओरडायची तेव्हा मान वर करून बघायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात. मास्तर मात्र तिला आदर समजून बसला होता.

बाटल्यांच्या कारखान्यातल्या कामाला त्या दिवशी दोघंच होते. बरोबरचा तिसरा माणूस तापाने पडला होता. जुन्या साठवणीच्या खोलीला काचेचं दार बसवून तिची नेटवर्कची खोली केली होती, आणि दाराबाहेर कारखान्याच्या व्यवस्थापक मॅडम नि त्यांच्या कचेरीतले तीन-चार लोक कौतुकाने बघत उभे होते. तळाशी बसणारी जड बॅटरी अजून खालच्या मजल्यावरच होती, मालाची लिफ्ट अडकलेली होती. एरवी मास्तर थांबला असता. पण रिकाम्या हातांनी भाऊजींसमोर उभं राहायचं त्याला अवघड झालं. मोठा स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात ते जड यंत्र, आधी बसवू, असं तो म्हणाला.

रॅक जागेवर आणून दोघं उभे राहिले. आता ओरडायची वेळ होती. मास्तरने तोंड उघडलंही. समोर भाऊजी, हात पँटला पुसून, सरळ त्याच्याकडे बघत उभे. काचेपलीकडे चार माणसं. या सगळ्यांच्या देखत ताईच्या नवऱ्यावर नोकरासारखं ओरडायचं? त्याने तोंड मिटलं. खाली वाकून बघावं, असंही मनात आलं. पण त्यांच्या मागून तपासणं म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं दाखवणं. केलं असेल त्यांनी, असं त्याने ठरवून टाकलं. लावायला मात्र कोणी सांगितलंच नव्हतं. चार पाय आणि ती पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत, खोक्यांच्या ढिगावर, जशीच्या तशी होती.

दोघांनी मिळून स्विच उचलला, रॅकच्या सरकपट्ट्यांवर ठेवला, आणि मास्तर अर्थिंगची तार घ्यायला मागच्या बाजूला गेला. भाऊजींनी स्विच आत ढकलला. अर्ध्यात तो अडला. काय अडलं ते बघायला त्यांनी तो पूर्ण बाहेर ओढला.

कपाटाने आधी नुसती मान डोलावल्यासारखं केलं. मग चाकं करकरली आणि ते सगळंच पुढे झुकलं. भाऊजी बाजूला उडी मारू शकले असते. त्यांनी खांदा लावला. मास्तर मागून वरची कड धरून लटकला, बाहेरची माणसं आत धावली, सगळ्यांनी मिळून रॅक मागे रेटला. कपाट वाचलं, स्विचचा एक कोपरा समोरच्या भिंतीवर आपटून वाकला, आणि भाऊजींच्या डाव्या हाताची दोन बोटं स्विच आणि भिंत यांच्यामध्ये सापडली. ते ओरडले नाहीत. हात छातीशी धरून खाली बसले, इस्त्रीच्या शर्टावर रक्त पसरत गेलं.

कोणी तरी रुमाल आणला, कोणी पाणी. मॅडमची नजर खोक्यांवरच्या पिशवीवर गेली. त्यांनी ती उचलली आणि विचारलं, "हे पाय लावले का नव्हते?"

आणि ज्या तोंडाला "पाय?" एवढा एक शब्द जड झाला होता, त्या तोंडातून उत्तर मात्र क्षणात बाहेर पडलं.

"हे नवीन आहेत, मॅडम," भाऊजींकडे हात करून मास्तर म्हणाला.

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. भाऊजींनी खालूनच वर बघितलं. मग म्हणाले, "हो. माझ्याकडून राहिलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मास्तरला ते तिथेच कळलं, रिक्षात कळलं, दवाखान्यात टाके पडत होते तेव्हाही कळलं, आणि प्रत्येक वेळी त्याने ते पुढच्या क्षणावर ढकललं. भाऊजी वाटेत एकदाच बोलले. "स्विच चालेल ना रे?" मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई धावत आली. एक बोट मोडलं होतं, दुसऱ्याला टाके होते. प्लॅस्टर बघून ती आधी रडली, मग मास्तरचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "तू तिथे होतास म्हणून निभावलं रे बाळ्या. एकटे असते तर काय झालं असतं!" तिचे हात गरम होते. त्याला आपले हात सोडवून घ्यायचे होते, पण तेही त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "असू दे ताई." असू दे! त्या दोन शब्दांची त्याला बायकोसमोर, अंथरुणात, आरशात दाढी करतानाही लाज वाटत राहिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं बायको बोलली नाही. तिलाही त्याने खरं सांगितलंच नव्हतं.

सकाळी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. कारखान्याकडून अपघाताचा निरोप आला होता आणि साहेबांनी भाऊजींना काढायचं ठरवूनच टाकलं होतं. मास्तर एका दमात बोलला. चूक माझी. पाय लावायला मी सांगितलंच नाही. विचारलंही नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "काल संध्याकाळी तुझ्या भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, मास्तरने ओरडून विचारलं होतं, मीच न बघता 'खाली' म्हणून मोकळा झालो. त्याला बोल लावू नका."

मास्तर टेबलाशी पुढे सरकला. "ते खोटं आहे, साहेब. मी विचारलंच नव्हतं."

"अरे, तू? आणि विचारणार नाहीस?" साहेब हसले. "मी ओळखत नाही का तुला? मेहुण्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतो आहेस. अशी माणसं राहिली नाहीत आता. पण मला कोणाला तरी कमी करावंच लागेल, आणि तुला तर मी करणार नाही." त्यांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. खरं बोलून शाबासकी मिळवणारा असा करंटा त्या कचेरीत दुसरा नसेल.

तो तिथून निघाला तो तडक ताईच्या घरी. भाऊजी खिडकीशी बसले होते, हात उशीवर. ताई चहा गाळत होती. तिने मास्तरला खुर्ची पुढे केली, तर तो बसला नाही.

"ताई, काल चूक यांची नव्हती. माझी होती. यांना पाय लावायला मी सांगितलंच नाही. आणि वर सगळ्यांच्या देखत, हे नवीन आहेत म्हणालो."

ताईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तर म्हणालात..."

"जाऊ दे ना," भाऊजी म्हणाले. "त्याची नोकरी जुनी आहे, नाव आहे. माझं काय, मी आज आलो."

"भाऊजी, तुमच्यावर ओरडायला माझी जीभच उचलली नाही हो," मास्तर म्हणाला. "तुमचा मान..."

भाऊजींनी प्लॅस्टरचा हात उशीवर सारखा केला. "मला ठाऊक होतं रे, काय ओरडायचं असतं ते," ते हळू आवाजात म्हणाले. "मी ती पोरं बघायचो ना. घरी तालीमही केली होती. हिला विचार, हसत होती मला. पाय कधी लावायचे, कसे लावायचे, ते मात्र कोणी दाखवलं नव्हतं. म्हटलं, आज तू विचारशील, मी 'नाहीत' म्हणेन, मग तू दाखवशील. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, हा अजून मला कामाच्या माणसांत धरत नाही."

मास्तर मगाची खुर्ची ओढून बसला. आदर, आदर म्हणून तो जे महिनाभर जपत होता, त्याने या माणसाला दुकान मिटल्यावर घरी बसलं होतं त्याहून जास्त रिकामं बसवलं होतं.

त्याने फोन काढला आणि तिथेच, दोघांना ऐकू जाईल असा, कारखान्यात मॅडमना लावला. "मॅडम, काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो, हे नवीन आहेत. त्यांना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. साहेबांना मी सांगून आलो, पण त्यांचा विश्वास बसत नाही, ते माझ्या भाऊजींनाच काढतायत."

पलीकडे बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्याची खडखड ऐकू येत होती.

"मला ते कालच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना कुठे विचारलं होतं? मी तुमच्याकडे बघून विचारलं होतं. आमच्या माणसांनीही ते पाहिलं. तुम्ही उत्तर दिलंत तेव्हा आम्हीच खाली बघितलं. तुमच्या साहेबांशी मी बोलते. त्यांना काढू नका म्हणून सांगते. हात बरा झाला की त्यांना पाठवा."

फोन बंद झाला. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे डोळे भरले होते आणि ते कोणी बघू नये एवढंच त्यांना हवं होतं. ताईने चहाचा कप आणून मास्तरच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची तिची लहानपणापासूनची सवय होती, पण आज तिने हात पदरालाच पुसला.

"काल दवाखान्यात मी तुझे आभार मानले होते," ती म्हणाली. "ते मी परत घेतले."

मास्तर मान खाली घालून "बरं" म्हणाला.