मेदेरबेकने वाटलेली हाडं

दर गुरुवारी संध्याकाळी बिश्केकमधल्या एका कॉफीच्या दुकानाच्या तळघरात मेदेरबेक चाळीसेक तरुणांना सांगत असे की आयुष्याला काहीही अर्थ नाही. तरुण ते वहीत उतरवून घेत. अर्थच नसेल तर उतरवून कशाला घ्यायचं, हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण पुढच्या गुरुवारी हेच पुन्हा ऐकायला यायचं असे. मेदेरबेकचं वय चोपन्न. दाढी निष्काळजीपणे वाढलेली, म्हणजे महिन्यातून दोनदा न्हाव्याकडून तशी करून घेतलेली. कॅमेऱ्यासमोर 'सगळं शून्य आहे' म्हणताना तो डोळे किंचित मिटत असे. त्या मिटण्यावर मुली फिदा होत्या.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं.

त्या मुलीला, आयझारकिनला, नारिन गावाकडचा एर्नियाझ आवडला होता. तो जनावरांचा डॉक्टर. रविवारी त्याच्या घरची आठ माणसं डोलोनची खिंड ओलांडून येणार होती, जेवणार होती, आणि सगळं मनासारखं झालं तर एर्नियाझचे आजोबा, जोल्चू अक्साकाल, म्हणजे घराण्यातले सर्वांत मानाचे म्हातारे, तळहात उघडून आशीर्वाद देणार होते. आशीर्वाद मिळाला की लग्न पक्कं. नाही मिळाला तर मंडळी चहा पिऊन, आभार मानून, परत खिंड ओलांडणार. आयझारकिनने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली होती.

"बाबा, त्या दिवशी काहीही सिद्ध करू नका."

मेदेरबेकने मान डोलावली. मान डोलावण्यालाही अर्थ नसतो हे त्याने सांगितलं नाही.

मेंढी शिजवायचं आणि हाडं वाटायचं काम बुरमाकानच्या, म्हणजे मेदेरबेकच्या बायकोच्या, धाकट्या भावाकडे होतं. ताशतान हा मिनीबस चालवणारा, जाड मानेचा आणि मोजकं बोलणारा. मेंढीच्या कुठल्या हाडाचा मान कुणाचा, हे त्याला गाडीच्या गिअरसारखं हाताला पाठ होतं. कमरेचं हाड सर्वांत वडीलधाऱ्या पुरुषाला, शेपटाकडचा तुकडा वडीलधाऱ्या बाईला, मांडीचं त्याखालच्या मानाच्या माणसाला, असं खाली खाली येत पुढच्या पायाच्या नळीपाशी थांबायचं. त्या नळीला म्हणतातच दासीचं हाड. ते पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला दार दाखवणं.

पाहुणे आले तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती आणि एर्नियाझची आजी, उपेलआपा, गुडघ्यांनी अधू. ताशतान खुर्ची घेऊन खाली पळाला. जाताना मेदेरबेकला सांगून गेला की ताटं लावून ठेवली आहेत, डावीकडून उजवीकडे, बसण्याच्या क्रमाने. उशीर झाला तर तशीच आत न्यायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

मेदेरबेक स्वयंपाकघरात एकटा राहिला. समोर वाफाळणाऱ्या हाडांची रांग, आणि त्या रांगेत, त्याच्या मते, हजार वर्षांचा मूर्खपणा. कुणी आधी जन्मला म्हणून त्याला मोठं हाड. त्याला आत बसलेल्यांची कीव आली, मग स्वतःच्या धैर्याचा अभिमान वाटला. मुलीला दिलेला शब्द आठवला, पण तो काही सिद्ध कुठे करत होता? तो फक्त योगायोगाला काम करू देणार होता.

त्याने डोळे मिटून हाडं फिरवली. कमरेचं हाड पाहुण्यांच्या ड्रायव्हरला गेलं. शेपटाकडचा तुकडा मुलाच्या बापाला. दासीचं हाड जोल्चू अक्साकालांना. मांडीचं मांसल हाड मात्र निव्वळ योगायोगाने खुद्द मेदेरबेकच्या ताटात आलं. योगायोगाला माणूस ओळखता येतो.

ताशतान आजींना चढवून वर आला तोवर ताटं मांडून झाली होती. त्याने दारातूनच पाहिलं आणि चौकट धरली. बुरमाकानचा हात चहाच्या किटलीवर थांबला. आयझारकिनने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मेदेरबेक भिंतीला टेकून वाट पाहत होता. आता कुणीतरी उठेल, ओरडेल, सगळा डोलारा कोसळेल आणि त्या ढिगाऱ्यावर उभं राहून तो दोन वाक्यं बोलेल. दोन्ही तयार होती.

कुणी उठलं नाही. खिंडीतल्या बर्फाची गोष्ट चालू होती, ती चालूच राहिली. ड्रायव्हरने समोरचं कमरेचं हाड पाहिलं आणि त्याच्या कपाळाला घाम आला. हे इथे चुकून थांबलं वाटतं, असं पुटपुटत त्याने ताट शेजाऱ्याकडे सरकवलं. शेजाऱ्याने बर्फाबद्दल बोलता बोलता पुढे सरकवलं. तिकडून उलटं एक ताट आलं. मुलाच्या बापाने आपलं ताट स्वतःच्या आईपुढे, उपेलआपांपुढे, ठेवलं आणि वर घाट कुठे बंद होतो ते सांगितलं. ताटं चटईवर फिरत होती, आणि त्यांच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. बुरमाकानने नवऱ्यापुढचं मांडीचं हाड चहा देता देता उचललं आणि व्याह्यांपुढे ठेवलं. पाच मिनिटांत प्रत्येक हाड आपल्या जागी जाऊन बसलं. उरलं ते दासीचं. ते मेदेरबेकच्या पुढ्यात आलं आणि तिथून पुढे सरकलं नाही.

मेदेरबेकने त्या नळीकडे पाहिलं. तिच्यावर फारसं मांसही नव्हतं. आणि तळघरातल्या चाळीस जणांना खरं वाटलं नसतं ते एका क्षणात घडलं. त्याला राग आला. आपल्याच घरात, मुलीच्या बापाला, हे हाड? त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण दाद मागायची कुणाकडे?

"इकडे ये, पोरा," जोल्चू अक्साकाल म्हणाले.

मेदेरबेक गेला. म्हाताऱ्याने कमरेच्या हाडावरून चाकूने एक तुकडा कापला, त्याला चरबी जोडली, आणखी एक तुकडा जोडला आणि तो मूठभर घास त्याच्या तोंडासमोर धरला. वडीलधारा असा भरवतो आणि धाकटा तोंड उघडतो. न उघडणारा माणूस इथे अजून कुणी पाहिलेला नाही.

"पहिल्यांदाच वाटलंस ना?" म्हातारा हळू म्हणाला. "होतं असं. मी पहिल्यांदा वाटलं तेव्हा सासूपुढे फुप्फुस ठेवलं होतं. लाजू नकोस."

लाजू नकोस. मेदेरबेकच्या बंडाला ह्या माणसाने नवशिक्याची चूक समजून क्षमा केली होती. त्याला सांगायचं होतं की ही चूक नव्हती, मुद्दाम केलं होतं, त्यामागे विचार होता. समोर मांस होतं. मांसाच्या पलीकडे आयझारकिन होती.

त्याने तोंड उघडलं.

घास मोठा होता. तो आत गेल्यावर शून्याबद्दल तर सोडाच, कशाबद्दलच बोलणं शक्य नव्हतं. तो चावत होता तेवढ्यात म्हाताऱ्याने तळहात उघडले, सगळ्यांनी उघडले, मेदेरबेकनेही भरल्या गालांनी उघडले. मुलांना घर लाभो, घराला धूर लाभो, धुराला पाहुणे लाभोत. हात चेहऱ्यावरून फिरले. मेदेरबेकने गिळलं तेव्हा लग्न ठरून गेलं होतं.

"आणि लग्नात हाडं हाच वाटेल," अक्साकाल चहाचं भांडं पुढे करत म्हणाले. "सवय झाली की हात बसतो."

आयझारकिन हसली की रडली ते नीट कळलं नाही. ताशतानने मात्र स्वयंपाकघरात जाऊन नळ जोरात सोडला.

पुढच्या गुरुवारी तळघरात मेदेरबेक आला नाही. चाळीस तरुण रिकाम्या खुर्चीसमोर पाऊण तास बसले, मग एकाने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. आजवरचं सर्वोत्तम व्याख्यान, असं त्यांचं मत पडलं.

त्या वेळी मेदेरबेक ताशतानच्या अंगणात बाह्या वर करून अर्ध्या मेंढीसमोर उभा होता. लग्नाला दीडशे माणसं होती. म्हणजे बाराएक मेंढ्या, आणि तेवढेच मानाचे म्हातारे, प्रत्येकाला शेजारच्याचं ताट दिसणार.

"तुम्हाला काय फरक पडतो, जेझदे?" ताशतान म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला जेझदे म्हणायचं म्हणून तो म्हणाला, एरवी दुसरा शब्द त्याच्या तोंडात होता. "सगळी हाडं सारखीच ना?"

"एर्नियाझच्या मावशीला खांद्याचं की फासळी?" मेदेरबेकने विचारलं.

ताशतानने अर्धी मेंढी त्याच्याकडे वळवली.

"ती एर्नियाझच्या आईपेक्षा मोठी की धाकटी?"

मेदेरबेकला ठाऊक नव्हतं. त्याने चाकू खाली ठेवला, हात पुसले आणि विचारायला मुलीला फोन लावला.