सगळ्यांचं दहा

अश्विनी मॅडमनी इन्शाला बाजूला सारून ब्युरेटचा नळ स्वतःच्या हातात घेतला.

"सगळ्यांचं दहा आलंय. तुझं एकटीचंच अकरा कसं?"

"तीनदा केलं मॅडम. अकराच येतंय."

"मग डोळे तपासून घे."

वर्ग फिदीफिदी हसला. जामखेडच्या त्या कॉलेजात बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला कुठलं रीडिंग यायला हवं, हे आदल्या वर्षीची मुलं सांगूनच जात. पोरं तेच लिहून मोकळी होत. आम्ल थेंबथेंब सोडत बसायची तसदी घेणारी इन्शासारखी एखादीच. मॅडमना हे ठाऊक होतं, पण इतकी वर्षं त्यांनी कानाडोळाच केला होता.

"आता नीट बघ," म्हणत त्यांनी आम्ल सोडायला सुरुवात केली. दहा मिलिलिटरवर फ्लास्कमधला गुलाबी रंग जायला हवा होता. तो जाईना. साडेदहा झालं तरी गुलाबीच. मॅडमचा हात थबकला.

लॅब असिस्टंट हनुमंत लग्नाला गेलेला, म्हणून सकाळी आम्ल त्यांनीच सौम्य केलं होतं. शंभर मिलिलिटर आम्ल पाण्यात घालून सगळं मिळून एक लिटर करायचं, तर घाईघाईत त्यांनी पाणीच अख्खं लिटर घेतलं होतं. अकराशे झालं, आम्ल पातळ पडलं, आणि पोरीचं रीडिंग अकरा आलं. 'पाणी किती घालायचं ते नव्हे, एकूण किती करायचं ते बघा' असं दरवर्षी घसा कोरडा करून सांगणाऱ्या बाईंनीच हा घोळ घातला होता. त्यांची कानशिलं तापली.

त्यांनी नळ बंद केला.

"पुरे. जागेवर जा," एवढंच त्या म्हणाल्या.

तास सुटल्यावर त्यांनी इन्शाला थांबवून घेतलं. पाणउतारा भर वर्गात केला आणि कबुलीसाठी मात्र रिकामी लॅब गाठली, याचीही त्यांना लाज वाटत होती.

"आम्ल मीच चुकीचं बनवलं होतं, इन्शा. तुझं अकरा बरोबर होतं."

इन्शानं आधी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नाही अशी खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"असू द्या मॅडम. मी खोडून दहा केलंय. कुणाला न्हाई सांगणार."

इन्शा निघाली, आणि जाताना तिनं दार हळूच ओढून घेतलं.