दोर धरणारीचा शब्द

माझ्या नवऱ्याने, रायकोने, ओस्प गावच्या कड्यावर ती वाट काढली त्याला अकरा वर्षं झाली. दोर अडकवायचे बोल्ट कातळात त्यानेच ठोकले आणि पहिल्या बोल्टला तांबडी फीतही त्यानेच बांधली. फीत आहे तोवर दुसऱ्या कुणी त्या वाटेला हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. ठोकणाऱ्याने आधी दोरावर भार न टाकता एका दमात वर जायचं, वाटेचं नाव ठेवायचं, मग ती सगळ्यांची. तिथे कागद नाही की पंच नाही. खाली दोर धरणाऱ्याने 'गेला' म्हटलं की गेला.

दोर मी धरायचे. वर बघून बघून मानेचे मणके झिजले, आणि माझं स्वतःचं चढणं कधी सुटलं ते मलाही कळलं नाही. रायको पडायचा, लोंबकळायचा आणि शिव्या घालायचा. हाताला लावायच्या खडूच्या पुडीला, हवेला, नाहीतर मला. "तू दोर ओढतेस, म्हणून माझा तोल जातो!" मी ऐकून घ्यायचे. पण खोटं कधी बोलले नाही. तीन वर्षांपूर्वी तो वर पोचला होता, तेव्हा त्याचा पाय ओझरता एका बोल्टवर टेकलेला मी पाहिला आणि सांगून टाकलं. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, पण ती चढाई त्याने हिशेबात धरली नाही.

नोव्हेंबरातला तो शनिवार म्हणजे त्याची शेवटची संधी होती. सोमवारी त्याच्या मधल्या बोटाचं ऑपरेशन होतं, आणि यापुढे असलं चढणं विसरा, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. कड्याखाली आम्ही दोघंच होतो. वरच्या फुगीर कातळापाशी त्याचा हात दरवेळी सुटायचा, तो त्या दिवशी सुटला नाही. वाटेच्या टोकाला असलेल्या साखळीत दोर अडकवून तो लहान मुलासारखा रडला. मीही रडले. माझ्या हातातला दोर शेवटपर्यंत सैल होता.

संध्याकाळी श्तेफ्काच्या खानावळीत सगळे जमले. योताचं, म्हणजे आंबट कोबीच्या कालवणाचं, पातेलं आलं, रेफोश्क वाइनचे ग्लास भरले. ल्युब्लियानाची नेयाही होती. विशीची पोर, स्पर्धांमधून पदकं आणते, आणि दोन वर्षं तिचा डोळा त्या फितीवर.

"काय रे म्हाताऱ्या," ती रायकोला म्हणाली, "बोट तुटायच्या आत जमवलंस म्हणायचं! नाव काय ठेवलंस?"

रायकोने ग्लास उचलला. "एकट्याने."

"म्हणजे?"

"तेच नाव. अकरा वर्षं त्या कातळाशी मी एकट्याने झुंजलोय."

"अरे, आणि ही मायदा?" श्तेफ्काने विचारलं.

"मायदा? मायदा खाली होती."

सगळे हसले. मीही हसले, आणि माझा ग्लास दूर सारला.

"मायदा, विचारायचं म्हणून विचारते हं," नेया म्हणाली. "चढाई स्वच्छ ना?"

"नाही," मी म्हणाले. "फुगवट्यापाशी दोर ताणला गेला. क्षणभरच, पण त्याचा भार माझ्याकडे आला."

तो ग्लास आपटेल, मला नाही नाही ते बोलेल, असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं. अकरा वर्षांचं सगळं त्याच्या तोंडावर फेकायला मी तयार बसले होते. पण तो आपल्या सुजलेल्या बोटाकडे बघत राहिला.

"तरीच," तो हळूच म्हणाला. "तरीच तिथे इतकं हलकं वाटलं."

"तिची चूक झाली असेल," श्तेफ्का म्हणाली.

"मायदाची? या बाबतीत ती खोटं बोलत नाही, आणि चुकतही नाही." तो नेयाकडे वळला. "वाट खुली झाली. उद्या तू फीत काढ आणि जा."

सकाळी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "रायको, मी खोटं बोलले. दोर सैल होता. तू गेलास."

त्याने किती वर्षांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "काल सगळ्यांसमोर बोलायला तुला केवढा धीर लागला असेल. आता माझी कीव करून तो वाया घालवू नकोस."

"अरे, शपथ घेते!"

"पुरे, मायदा. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

मी धावत कड्यापाशी गेले. नेया बूट चढवत होती. तिलाही सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला. "नवऱ्यासाठी तुझा जीव तुटतोय, कळतं गं मला."

तेवढ्यात बाकीच्यांबरोबर रायको आला. "दोर मायदा धरेल," तो म्हणाला. "ती वाट तिच्याइतकी कुणाला ठाऊक नाही."

मी धरला. फुगवट्यापाशी नेयाचा हात सुटू लागला. दोर वीतभर ओढला असता तर तिची चढाई बाद झाली असती, आणि तसं करावं असं मला फार वाटलं. पण मी ओढला नाही. ती पुढच्याच झटक्यात वर पोचली. खाली रायको सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागला, दुखऱ्या हातानेच.

"मायदा," ती वरून ओरडली, "स्वच्छ?"

"स्वच्छ," मी म्हणाले. कुणीही पुन्हा विचारलं नाही.