तीन टेकांचं जेवण

आमच्या भटवाडीत सगळे त्याला 'कैद्यांचा सिनेमा' म्हणायचे. खरं नाव लांबलचक होतं, देशभक्तीचं, आणि ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. घाटकोपरच्या थेटरात एक आठवडा चालला आणि आपटला. हिरो लढाईत पकडला जातो, शत्रूच्या छावणीत दोन वर्षं काढतो, शेवटी काटेरी तार कापून पळतो आणि एवढ्या हालांत त्याच्या केसांचा भांग काही मोडत नाही. मग लोकांनी का बघावा? मला मात्र बघायचाच होता. हिरोच्या मागे बसलेल्या कैद्यांत माझा नवरा होता, दत्ताराम.

दत्ताराम गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा. ब्याऐंशीत संप झाला आणि वर्ष उलटता उलटता आमच्या घरात आरसा बघायची कुणाची हिंमत राहिली नाही. शेजारचा बाळाही गिरणीतलाच, पण तो हुशार. तो सिनेमावाल्यांना गर्दीसाठी माणसं पुरवायला लागला होता. एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "दत्ता, चल माझ्याबरोबर. तुझ्यासारखीच माणसं मागतायत. हाडं दिसणारी."

साकीनाक्याच्या पुढे चांदिवलीला एका खाणीत त्यांनी छावणी उभारली होती. पहिल्याच दिवशी डायरेक्टरनं दत्तारामची हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे वळवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, कैदी असावा तर असा. पुढच्या रांगेत बसवला त्याला. घरी आला तो छाती काढून. मी म्हटलं, "बारा वर्षं साचे चालवलेत, कुणी पाठ थोपटली नाय. आता बरगड्यांचं कौतुक!" तो हसला, मीही हसले.

पहिलं शूटिंग आटोपलं आणि बाळा एक नवा शब्द घेऊन आला. कंटिन्युटी. "वहिनी, दुसरं शूटिंग दीड महिन्यानं. तोवर ह्याचं वजन वाढता कामा नये हां. आज दिसतोय तस्साच दिसायला पाहिजे. गालफडं भरली तर वाट लागली, सरळ घरी पाठवतात."

मला एखादं काम सांगितलं की मी ते जरा जास्तच करते. दुसऱ्या दिवसापासून दत्तारामला भाताचा एक डाव, वर नाही. तो "जरासो घाल गो" म्हणाला की मी डाव वर धरून म्हणायचे, "कंटिन्युटी!" पोरं खिदळायची. एके दिवशी, किती दिवसांनी कोण जाणे, बांगड्याचं तिखलं केलं होतं. तो म्हणाला, "आज जरासो घाल." त्या दिवशी तो हसत नव्हता. मी टोपावर झाकण ठेवलं. घरात धान्य कमी होतं, पोरांसाठी ठेवायचं होतं, हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण त्या दिवशी टोपात भात होता, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या शूटिंगहून तो आला आणि उंबऱ्यावरच बसला. "आज पोटभर जेवलंय गो," म्हणाला. सिनेमात परदेशी पाहुणे छावणी बघायला येतात, म्हणून त्यांना दाखवायला शत्रू त्या एका दिवशी कैद्यांना पोटभर वाढतो. "तीन टेक झाले. तिन्ही टेकांक ताट भरून. डाळ, भात, बटाट्याची भाजी." बोलता बोलता खोकत होता. मी खोकल्याकडे लक्ष दिलं नाही, मला भाताचं ऐकून बरं वाटलं होतं.

चार महिन्यांनी तो शिवडीच्या हॉस्पिटलातच गेला. क्षय. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जेवत नव्हते का हे?" मी म्हटलं, "जेवायचे."

सिनेमा थेटरात लागला तो नेमका त्याच्या दिवसांत. तेराव्यानंतर मी बाहेर पडेपर्यंत तो उतरलाही होता. माझ्याकडे राहिलं ते एवढंच: आज पोटभर जेवलंय गो. पण दत्ताराम मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणाऱ्यांतला. संपात उपाशी फिरून यायचा आणि बाळाकडे भजी खाल्ली म्हणून सांगायचा. त्या दिवशी तो खरंच जेवला होता का? या एका प्रश्नानं मला दोन वर्षं धड झोप लागली नाही.

पंच्याऐंशीत गल्लीच्या तोंडाशी रतननं व्हिडिओ लायब्ररी काढली. जाता-येता मी त्याला कैद्यांच्या सिनेमाची कॅसेट विचारून भंडावून सोडायचे. एकदा त्यानंच हाक मारली, "ओ वहिनी, आली तुमची कॅसेट. या दुपारी, गिऱ्हाईक नसतं."

मी कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रतननं स्टूल दिलं, टीव्ही माझ्याकडे वळवला आणि सिनेमा पुढे पुढे पळवत जेवणाशी आणला. कैदी जमिनीवर ओळीनं बसलेले, आणि नेमकी तिथेच पडद्याच्या खालून एक पट्टी सरकायला लागली. मिक्सरची जाहिरात! डोकी तेवढी दिसत होती, ताटं पट्टीखाली.

"काढ ना ती."

"कॅसेटवरच असते, वहिनी. कंपनी टाकते. जाईल आता."

पट्टी सरकत सरकत गेली आणि दत्ताराम दिसला. डोकं भादरलेलं, गळ्याची हाडं वर आलेली. तो जेवत होता. नाटक नव्हतं ते. शेजारचे कैदी चेहरे पाडून बसले होते, ह्याला कॅमेऱ्याची शुद्ध नव्हती. मोठे मोठे घास, डाळ मनगटावर ओघळलेली, ती चाटून पुन्हा घास. खोटं बोलला नव्हता माझा नवरा. मला इतका आनंद झाला की मी रडायला लागले.

"परत दाखव," मी म्हटलं.

रतननं बटण दाबलं. पडद्यावर रेघा उठल्या आणि कैदी उलटे जेवू लागले. दत्तारामच्या तोंडातून घास बाहेर आला, त्याच्या बोटांत आला, बोटांनी तो ताटात ठेवला. मग पुढचा घास. ताट भरत चाललं होतं. तोंडचा घास काढणं म्हणतात, मीही कितीदा सहज बोलून गेले असेन. ते मी डोळ्यांनी बघत होते.

"बंद कर! अरे, बंद कर ते!"

रतननं घाबरून मशीन थांबवलं. "काय झालं?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. बाळाचा शब्द, भाताचा एक डाव, टोपावरचं झाकण. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. रतननं टीव्ही बंद करून मशीनच्या नुसत्या आवाजावर, अंदाजानं कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली.

ह्या वेळी मला रडण्यात निसटलेलं दिसलं. दत्तारामचं ताट संपलं. त्यानं मान वर केली आणि रिकामं ताट वाढप्याकडे पुढे केलं. वाढपी डाव घेऊन वळला, तेवढ्यात चित्र बदललं. हिरो देशाच्या मातीबद्दल बोलायला लागला.

"वाढा की रे त्याला कोणीतरी," मी मोठ्यानं म्हणाले.

रतन हळूच म्हणाला, "वहिनी, शूटिंग आहे ते."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "शूटिंग होतं म्हणून तर जेवला. घरी मी होते."