हळदीचं पाणी

देवघराच्या भिंतीला ओल आली आणि घरातल्या सगळ्यांची नजर माझ्या तांब्याकडं गेली.

लग्न होऊन चारठाण्याला आले तेव्हापासून पिंडीवर पाणी घातल्याशिवाय मी तोंडात घास घेतलेला नाही. ते पाणी पिंडीखालच्या मोरीतून, भिंतीच्या कडेनं, परसातल्या बेलाला जातं. भिंतीचा गिलावा फुगून पडायला लागला तसं आमचे मालक म्हणाले, "शिवम्मा, सोमवारपासून नुसता बेल वाहा. पाणी बंद. भिंत पडली तर देवच उघड्यावर येईल."

मधे बोलली ती सून, शिवानी. बांधकामाचं शिकून आलेली.

"मामा, दुखणं न बघताच औषध द्यायलाव की."

तिनं फुगलेला गिलावा खरवडला, तिथं चुन्याचा ओला हात मारला आणि मला म्हणाली, "आत्या, वाटीभर हळद द्या."

मी दचकले. "पिंडीला हळद चालत न्हाई, बाई."

"ठावं हाय. पूजा झाली की पिंडी तुमी उचलून घ्या. हळद मोरीला पाजायची हाय."

माझी पूजा होईस्तोवर ती दाराशी बसून राहिली. मग मोरीत हळदीचं पाणी ओतलं. चुन्याला हळद लागली की लाल होते, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? मालक खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले. दुपार झाली. चुना पांढराच. परसात मात्र बेलाचं बूड पिवळं झालेलं.

मग शिवानी गल्लीत गेली. नवा सिमेंटचा रस्ता आमच्या जोत्याच्या वर आलाय, नळाचं सांडपाणी भिंतीशीच तुंबतं. तिथं तिनं बादलीभर हळदीचं पाणी ओतलं. दिवेलागणीला चुन्यावर लाल रेघ उमटली, मळवट भरल्यासारखी.

मालकांनी उठून रेघेवरून बोट फिरवलं. "म्हंजे रस्ताच पाणी पाजायलाय भिंतीला."

"आन् तुमी आत्याचा तांब्या बंद करायलाव," हात धूत शिवानी म्हणाली.

सोमवारी मालकांनी आधी माझा तांब्या भरून पिंडीजवळ ठेवला, मग कुदळ घेऊन भिंतीकडेला नाली खणायला गेले. पूजा झाल्यावर मी शिवानीच्या कपाळाला विभूती लावली.

समोरच्या कमलबाईनं ओट्यावरून विचारलं, "कोन मिस्त्री आणला व्हता?"

माझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर जात नाही. त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेला म्हणे.

"मिस्त्री कशाला? आमची सून हाय."