दवाखान्याशिवाय पिसा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नीवेसने मे महिन्यातल्या एका गुरुवाराभोवती गोल काढला होता. बाकीच्या गोलांत 'रक्त', 'डॉक्टर', 'व्यायामवाली बाई' असं काही ना काही लिहिलेलं असे. या गोलात 'मी' असं लिहायला तिचा हात धजला नाही, म्हणून तो रिकामाच राहिला.

पाच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, ओरेस्तेला, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ती चाळीसेक वेळा तरी पिसाला गेली असेल. लुक्काहून पिसा म्हणजे अर्ध्या तासाची वाट. पण प्रत्येक खेप ॲम्ब्युलन्समधून, आणि तीही शहराबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात. तिथली लिफ्ट आणि जमिनीवरची हिरवी पट्टी तिला डोळे मिटून सापडली असती, पण पिसा तिने पाहिलंच नव्हतं. फेब्रुवारीत परतताना ॲम्ब्युलन्सच्या मागच्या काचेतून कलत्या मनोऱ्याचं टोक क्षणभर दिसलं, आणि एकदा तरी दवाखान्याशिवाय इथे यायचं, असं तिने ठरवून टाकलं. एकटीने.

ठरवलं खरं, पण एका दिवसाची ती सहल जमवायला तीन आठवडे गेले. खालच्या मजल्यावरच्या आर्जेनेला दिवसभर बसायला राजी करायचं होतं. औषधांच्या डब्यांवर वेळा चिकटवायच्या होत्या. सूप गाळून, भांड्यात भरून, नाव घालून ठेवायचं होतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला वाटे, जाण्यापेक्षा तो दिवस झोपूनच काढावा.

गाडीचं मात्र ओरेस्तेने अंगावर घेतलं. तीस वर्षं तो त्याच मार्गावर तिकीट तपासनीस होता. जीभ अजून जड होती, पण गाड्यांचा विषय निघाला की वळायची.

"मुख्य स्टेशनला उतरू नकोस," तो म्हणाला. "आधीचं. सान रोसोरे. तिथून मनोरा पाच मिनिटांवर."

"माहीत आहे रे."

"काय माहीत आहे? कधी गेलीस?"

"तूच सांगितलंस ना काल. आणि परवा."

"मग आजही ऐक. डबा मधला धर." मग तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "किती वाजता येशील?"

"चारपर्यंत."

"चार," तो म्हणाला. हातात घड्याळ नसूनही त्याने मनगटाकडे पाहिलं.

गुरुवारी सकाळी आर्जेने आली ती कुरकुरतच. "जा बाई, जा. माझे गुडघे इथेच आहेत, ते कुठे जातायत! पण पिसा? अगं, जायचंच तर माणसाने समुद्रावर जावं."

नीवेस मधल्या डब्यात बसली. समोरची जागा रिकामी होती. कुणी हाक मारत नव्हतं. तरी दर दोन मिनिटांनी ती दचकून पर्स चाचपत होती, जणू काहीतरी घरी राहिलं होतं. सान रोसोरेला उतरून, शहराच्या जुन्या भिंतीच्या कडेने चालत ती मैदानात पोचली. मनोरा कलता होता, पांढरा होता, आणि त्याला हाताने टेकू दिल्यासारखे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. तिने दोन मिनिटं पाहिलं. पाय इतके जड झाले होते की पायऱ्या चढायचा विचारही नको वाटला. सावली दिसली म्हणून ती पलीकडच्या जुन्या दफनभूमीत शिरली.

आत गारवा होता. लांबच लांब ओवऱ्या, पायाखाली थडग्यांच्या शिळा. एका दालनात भिंतभर जुनं चित्र होतं. काळ्या पंखांची मृत्युदेवता कोयता घेऊन उडत येते आहे. खाली लंगडे, आंधळे, थोटे भिकारी तिच्याकडे हात पसरून 'आम्हाला ने' म्हणून विनवताहेत. ती मात्र त्यांना ओलांडून, बागेत गाणं ऐकत बसलेल्या तरण्या माणसांकडे निघाली आहे. नीवेस त्या भिकाऱ्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. मग बाकावर बसली. आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली, पाच वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ.

खांद्याशी कुणीतरी हलकेच बोललं. "सिन्योरा, बरं नाही का वाटत?"

साठीच्या आसपासचा पहारेकरी होता. तिने घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"अगं बाई! मी घोरत होते का?"

"थोडं. इथल्या कुणाची तक्रार नाही." तो हसला. "कुठून आलात?"

"लुक्का."

"तरीच! पिसाकरांच्या राज्यात लुक्काची माणसं डोळे मिटूनच बसतात."

ती अजून अर्धवट झोपेत होती. लुक्का-पिसाच्या जुन्या वैरातली, लहानपणापासून तोंडात बसलेली म्हण आपसूक बाहेर पडली, "दारात पिसाकर येण्यापेक्षा घरात मढं बरं."

पिसाकरांचं याला पिढ्यान्‌पिढ्यांचं ठरलेलं उत्तर आहे, तेच त्याने हात जोडून दिलं. "देव तुमची इच्छा पुरी करो!"

नीवेस हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आवरेना. पहारेकरी गडबडला. "अहो, थट्टा होती. जुनी थट्टा आहे."

"तुमचं काही चुकलं नाही," ती नाक पुसत म्हणाली. "घरी नवरा आहे. पाच वर्षं अंथरुणावर. आणि कधी कधी... पहाटे त्याला कुशीवर वळवताना... माझ्या मनात येतं."

तो शेजारी, जरा अंतर ठेवून बसला. "माझी आई आठ वर्षं अंथरुणावर होती," तो म्हणाला. "माझ्याही मनात यायचं. कुणाला सांगितलं नाही कधी." थोड्या वेळाने उठून त्याने टोपी सारखी केली. "नदीकडे जाताना चेचिना खा. गरम असेल तरच घ्या, आणि वर मिरपूड मागा."

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. आर्जेनेने पहिल्याच घंटेला उचलला. "तोंड उघडत नाहीये तुझा नवरा! सूप गार झालं. म्हणतो, नीवेस आली की खाईन. आता काय करू मी?"

"त्याच्या कानाला लाव." पलीकडे श्वास ऐकू आला. "ओरेस्ते, सूप खा. मी चारला येत नाहीये."

"का?"

"का म्हणजे? मी इथे झोपले, काहीच बघितलं नाही. आता बघणार आहे. सातला येईन."

नीवेसने फोन कानाशी तसाच धरून ठेवला, शब्द मागे घेतला नाही.

"सहाच्या गाडीला," तो शेवटी म्हणाला, "पोरं फार असतात. कॉलेजची. उभी राहशील." मग आवाज दूर गेला, "दे ते सूप."

तिने नदीकाठच्या कठड्यावर बसून चेचिना खाल्ली. हरभऱ्याच्या पिठाची, धिरड्यासारखी ती जाड पोळी भट्टीतून नुकतीच निघाली होती, जीभ पोळत होती. कुणासाठी कुस्करायची नव्हती, कुणाची हनुवटी पुसायची नव्हती. पाणी मळकट होतं आणि संथ वाहत होतं. तिने दुसरीही घेतली.

घरी पोचली तेव्हा सात वाजून गेले होते. आर्जेने कोट घालून दाराशीच उभी होती. "सगळं सूप प्यायला, लबाड! पण पुढच्या वेळी माझ्या गुडघ्यांनाही विचार," म्हणून ती जिना उतरली.

ती पलंगापाशी येताच ओरेस्तेने तिचा हात नाकाशी नेला. "चेचिना," तो म्हणाला. "माझ्यासाठी?"

नीवेस जागीच थबकली. "नाही आणली रे. तुझी आठवणच झाली नाही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. दमलेल्या माणसाला रुसवा काढायचं बळ नसतं. तिने बूट काढले, हात धुतले, त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला कुशीवर वळवलं. चादर बदलायला हवी होती. ती कपाटाकडे गेली.

"त्या पहारेकऱ्याने मला काय म्हटलं, सांगू?" तिने विचारलं.

"कोण पहारेकरी?" तो भिंतीकडेच बघत म्हणाला.

ती नवी चादर झटकून सांगायला लागली. म्हणीपाशी आली तेव्हा ओरेस्तेचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय, हे बघायला ती पलंगाला वळसा घालून त्याच्या तोंडासमोर गेली. तो हसत होता.